उजेड जिथं वळण घेतो

बाळा, परभणीहून कृषीची पदवी घेऊन आलास, आता अर्धापूरची शेती तू बघणार. उसाचा फड, केळीची बाग, जुनी विहीर आणि ते नवं शेततळं, सगळं तुझ्या हाती येतंय. आत्याकडं तुला द्यायला जमीनजुमला नाही. जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं, त्यातला एकच धडा आज तुझ्या कानात घालते. दहावीला तू तो गुणांपुरता पाठ केलास आणि सोडून दिलास. प्रकाशाचं अपवर्तन. शेततळ्याच्या काठावर, उसाच्या रसात आणि तुझ्या बाबांच्या चष्म्यात एकच नियम काम करतो. तो नीट कळला तर कुणाचा तरी जीव वाचेल, पैसा वाचेल, डोळे टिकतील. म्हणून सांगते.

आधी नावाचा घोळ मिटवू. आमच्या पुस्तकात याला वक्रीभवन म्हणायचे, तुमच्या बालभारतीत अपवर्तन आलं. दोन्ही एकच. पोरं गोंधळतात ती अपवर्तन आणि परावर्तन यांत. आरशावर उजेड आपटून मागं फिरतो ते परावर्तन. पाण्यात किंवा काचेत शिरताना त्याची वाट बदलते ते अपवर्तन. पाण्याच्या पृष्ठभागाशी काटकोनात उभी कल्पना केलेली रेघ म्हणजे स्तंभिका. आत येणारा तो आपाती किरण, वळून पुढं जाणारा तो अपवर्तित किरण. हवेतून पाण्यात जाताना किरण स्तंभिकेकडं झुकतो, पाण्यातून हवेत येताना तिच्यापासून दूर जातो. एवढं मनात पक्कं असलं की बाकीचं सगळं उलगडत जातं.

वळतो का, तर वेग बदलतो म्हणून. डांबरी सडकेवरून बैलगाडी तिरकी शेतात उतरवताना पाहिलंयस ना? डावं चाक आधी काळ्या मातीत जातं, रुततं, मंदावतं. उजवं अजून सडकेवर पळत असतं, म्हणून गाडी डावीकडं वळते. सरळ काटकोनात उतरवली तर दोन्ही चाकं एकदम मंदावतात आणि गाडी वळत नाही. उजेडाचं असंच. हवेत तो सेकंदाला जवळजवळ 3 लाख किलोमीटर जातो, पाण्यात सव्वादोन लाख, साध्या काचेत 2 लाख. हवेतला वेग भागिले त्या पदार्थातला वेग, म्हणजे अपवर्तनांक. पाण्याचा 1.33, काचेचा 1.5, हिऱ्याचा 2.42. किरण किती वळेल याचा हिशेब लायडनच्या स्नेलनं 1621 साली मांडला, म्हणून तो स्नेलचा नियम. पण बगदादच्या इब्न सहल यानं तो 984 च्या सुमारास लिहून ठेवला होता.

पुस्तकात विरल माध्यम आणि घन माध्यम असे शब्द येतात. ‘घन’ म्हणजे जड असं समजू नकोस. करडईचं तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे हलकं आहे. पण उजेड त्यात पाण्यापेक्षा मंद चालतो, तेलाचा अपवर्तनांक 1.47 च्या घरात. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काचेची कांडीही जवळजवळ तेवढ्याच अपवर्तनांकाची. ती तेलात बुडवली की दिसेनाशी होते, कारण उजेडाला वळायला कारणच उरत नाही. मी पोरांना हे दाखवायची तेव्हा सगळा वर्ग पुढं सरकायचा.

आता शेततळ्याचं ऐक, आणि हे सगळ्यांत नीट ऐक.

आपलं शेततळं 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल. प्लास्टिकचा कागद अंथरलेला, पाणी इसापूरच्या कालव्याचं, साठून निवळलेलं. तळ दिसतो. तळातून निघालेले किरण हवेत येताना स्तंभिकेपासून दूर वळतात, आणि आपला डोळा मात्र ते सरळच आले असं धरून चालतो. त्यामुळं तळ वर आल्यासारखा दिसतो. अगदी वरून, सरळ खाली पाहिलं तर 3 मीटर पाणी सव्वादोन मीटर भासतं, म्हणजे पाऊणपट. हे पुस्तकात आहे. पुस्तकात ज्यावर जोर दिलेला नसतो ते मी सांगते. काठावर उभं राहून मध्याकडं पाहणारा माणूस सरळ खाली पाहत नाही, तिरका पाहतो. जितकं तिरकं पाहशील तितका तळ आणखी वर येतो. स्तंभिकेशी नजरेचा कोन 60 अंशाचा झाला की तेच 3 मीटर पाणी दीड मीटरच्या आसपास दिसतं. दीड मीटर म्हणजे जवान पोराच्या गळ्यापर्यंत. पोहता न येणारं पोर बघतं, म्हणतं, ‘एवढं तर आहे, उभं राहता येईल,’ आणि उतरतं. खाली उभं राहिलं तर डोक्यावर जवळजवळ तीन हात पाणी. वर यायला बघतं तर उताराच्या प्लास्टिकवर शेवाळ, पाय टिकत नाही, धरायला काही नाही. आपल्या मराठवाड्यात दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात, आणि त्यात लेकरं असतात. माझा जीव तुटतो. ती पोरं धाडसी नव्हती रे, त्यांच्या डोळ्यांनी त्यांना खोली चुकीची सांगितली.

म्हणून तळ्याला कुंपण घाल, दाराला कुलूप लाव. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर वरच्या खुंटीला बांधून पाण्यात सोडून ठेव, म्हणजे घसरलेल्या माणसाच्या हाताला काहीतरी लागेल. हवा भरलेली जुनी ट्यूब काठावर टांगून ठेव. आणि एक उंच बांबू पाण्यात उभा करून त्यावर रंगानं मीटर-मीटरच्या खुणा कर, पाण्याच्या वर येईल तो शेवटचा आकडा ठळक लिही. पाहुण्यांची लेकरं आली की तो आकडा दाखव. ‘खोल आहे’ असं नुसतं सांगून लेकरांना पटत नाही, कारण समोर उथळ दिसत असतं. गढूळ पाणी त्या मानानं बरं, तळ दिसत नाही म्हणून माणूस भितो. निवळशंख पाणी जास्त घातक.

विहिरीचंही तेच. बादली किंवा मोटारीचं काही सामान आत पडलं आणि गळ सोडायचा झाला, तर वाकून तिरकं बघत सोडू नकोस. वस्तूच्या बरोबर डोक्यावर ये. स्तंभिकेच्या रेषेत किरण वळत नाही, म्हणून तिथून दिशा खरी दिसते. पण खोली तरीही खोटीच दिसते. दोराची लांबी आधीच ठरवताना पाणी जेवढं खोल दिसतं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा दोर आणखी धर. नदीवर भाल्यानं मासे मारणारे लोक दिसणाऱ्या माशाच्या खाली नेम धरतात, ते याच कारणानं. त्यांना कुणी स्नेल शिकवला नव्हता.

विहिरीत बुडी मारून कुणी तळाशी हात घालायला गेला आणि म्हणाला, ‘डोळे उघडे ठेवले तरी सगळं पुसट दिसतं,’ तर तो खरंच सांगतोय. आपल्या डोळ्यात उजेड वळवण्याचं दोन तृतीयांश काम बुबुळावरचा पारदर्शक पडदा करतो, त्याला पारपटल म्हणतात. तो हवेला टेकलेला असतो म्हणून त्याचं चालतं. पाण्याचा आणि पारपटलाचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा, म्हणून पाण्यात तो पडदा निकामी होतो. पोहण्याचा गॉगल लावला की डोळ्यापुढं पुन्हा हवा येते आणि स्पष्ट दिसतं, मात्र वस्तू आहे त्यापेक्षा जवळ आणि मोठी दिसते.

आता ऊस. लक्ष्मीनगरचा भाऊराव चव्हाण कारखाना आपल्याच तालुक्यात, देगाव-येळेगावला. गळीत हंगामाच्या तोंडावर शेतकी विभागाची माणसं फडात येऊन ऊस टोचतात, रसाचा थेंब एका नळकांड्यावर टाकतात आणि उजेडाकडं तोंड करून आत बघतात. ते हँड रिफ्रॅक्टोमीटर, अपवर्तन मोजणारं यंत्र. त्यात पुढं काचेचा लोलक असतो. त्यावर रसाचा पातळ थर बसला की काही कोनापर्यंतचे किरण पार जातात, त्यापुढचे जात नाहीत. तो कोन म्हणजे क्रांतिक कोन, आणि त्यापलीकडं घडतं ते संपूर्ण आंतरिक परावर्तन. म्हणून आत अर्धं वर्तुळ निळं आणि अर्धं पांढरं दिसतं. त्यांच्या सीमेची रेघ ज्या आकड्यावर, तो ब्रिक्स. रसात साखर जास्त तसा उजेड मंद, तशी रेघ वर. साध्या पाण्याचा अपवर्तनांक 1.333, आणि 20 टक्के साखरेच्या पाण्याचा 1.364. फरक केवढासा, पण त्यावर तोडणी ठरते.

तू स्वतःचं यंत्र घे, आणि हे पाळ. वापरण्याआधी शुद्ध पाण्याचा थेंब टाकून रेघ शून्यावर आहे का बघ, नसेल तर स्क्रूनं आण. विहिरीचं पाणी त्यासाठी वापरू नकोस, त्यात क्षार असतात. औषधाच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घे. हे यंत्र 20 अंश सेल्सिअसला बरोबर दाखवतं. रस तापला की उजेडाचा वेग थोडा वाढतो आणि आकडा कमी येतो. 30 अंशाला साधारण 0.8 ब्रिक्स मिळवावे लागतात. आपल्याकडं मार्चच्या दुपारी त्याहून जास्त. म्हणून सकाळी मोज, नाहीतर तापमान आपोआप जुळवणारं यंत्र घे. प्रत्येक थेंबानंतर लोलक पाण्यानं धुऊन मऊ कापडानं टिप. शर्टाच्या बाहीनं पुसलास तर लोलकावर ओरखडे येतात, आणि ओरखडे आलेला लोलक खोटं बोलतो.

बांधावरचा ऊस मोजू नकोस. त्याला ऊन-वारा जास्त मिळतो, तो आधी पिकतो. फडात आत शिर, वेगवेगळ्या ठिकाणचे ऊस निवड. एकाच उसाचा बुडख्याकडचा आणि शेंड्याकडचा असे दोन आकडे घे. साखर आधी बुडख्यात भरते, मग वर चढते. शेंड्याचा आकडा भागिले बुडख्याचा, उत्तर 1 च्या जवळ आलं की ऊस तयार. 1 च्या पुढं गेला की उलट वाटचाल सुरू, मग दिरंगाई नको. नुसता बुडख्याचा 20 आला म्हणून आनंदून जाणारे पुष्कळ बघितलेत. पाणी दिल्यावर किंवा पाऊस पडल्यावर लगेच मोजू नकोस, रस पातळ असतो. आणि पाणी तोडलेल्या, सुकलेल्या उसात आकडा चढलेला दिसला तरी साखर वाढली असं समजू नकोस, पाणी उडालंय म्हणून रस दाट झालाय.

इथं आणखी एक बारीक गोष्ट. रिफ्रॅक्टोमीटर साखर ओळखत नाही. रसात विरघळलेलं जे जे आहे, ऊस-साखर, ग्लुकोज, फ्रुक्टोज, क्षार, सगळं मिळून तो एक आकडा देतो. ऊस जास्त पिकला किंवा तोडून पडून राहिला की ऊस-साखर फुटून तिचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं. ब्रिक्स तसाच राहील, पण पोत्यात साखर पडणार नाही. खरी साखर कारखान्याची प्रयोगशाळा पोल, म्हणजे ऊस-साखरेचं प्रमाण, काढून सांगते, त्याचं यंत्र वेगळं, तत्त्वही वेगळं. म्हणून तोडलेला ऊस 24 तासांत गाळपाला गेला पाहिजे. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी रास्त दर, सगळ्या कारखान्याच्या सरासरी साखर-उताऱ्यावर ठरते. तुझ्या एकट्याच्या शिळ्या मोळ्यांनी सगळ्यांचाच उतारा थोडा खाली येतो, हे मनात ठेव.

केळीच्या बागेत तुला कुणीतरी नक्की सांगेल की दुपारी पानावर पाणी पडलं तर थेंबाचं भिंग होतं आणि पान जळतं. हे मी वर्षानुवर्षं ऐकत आले. 2010 साली बुडापेस्टच्या गाबोर होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. गुळगुळीत पानावर थेंब चपटा बसतो, त्याची नाभी, म्हणजे उजेड एकवटतो ती जागा, पानाच्या पार खाली पडते, पान जळत नाही. लव असलेल्या पानांवर थेंब लवेवर अधांतरी राहतो, तिथं मात्र जळण्याची शक्यता असते. केळीचं पान गुळगुळीत. दुपारी पाणी देऊ नये ते खरं, पण ते वाफ होऊन वाया जातं म्हणून.

नांदेड-हिंगोली सडकेवर मे महिन्यात पुढं पाणी साचल्यासारखं दिसतं, ते मृगजळ तुला माहीत आहे. डांबराला लागून असलेली हवा तापून विरळ होते, वरची त्या मानानं थंड. थराथरातून येताना आभाळाचा उजेड हळूहळू वळत आपल्या डोळ्यात शिरतो. इथं किरण खरोखर वक्र होतो, जुना शब्द वक्रीभवन इथं शोभतो. पाण्यात मात्र तो सीमेवर एकदाच मोडतो आणि पुढं सरळ जातो. सडकेवर थरथरणाऱ्या हवेतून समोरच्या ट्रकचं अंतर जोखून ओव्हरटेक करू नकोस, एवढंच. आणि मावळतीला सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते ना, त्या वेळी सूर्य खरा अख्खा खाली गेलेला असतो. हवा त्याला आपल्यासाठी दोन मिनिटांच्या वर धरून ठेवते.

आता घरातल्या डोळ्यांकडं ये. नेत्र रुग्णालयाच्या कागदावर ‘रिफ्रॅक्शन’ लिहिलेलं असतं. म्हणजे तुमच्या डोळ्यात उजेड किती आणि कुठं वळतो याची तपासणी, आपण जिला नंबर काढणं म्हणतो. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या, अलीकडंच किरण एकत्र आले तर लांबचं दिसत नाही, ती निकटदृष्टिता, तिला वजा नंबर, अंतर्गोल भिंग. पलीकडं गेले तर दूरदृष्टिता, अधिक नंबर, बहिर्गोल भिंग. चाळिशी म्हणजे डोळ्यातलं भिंग वयानं ताठर होणं. ते फुगेनासं होतं, म्हणून पेपर लांब धरावा लागतो. भिंगाचं नाभीय अंतर मीटरमध्ये घे, 1 ला त्यानं भाग, आला तो नंबर. 2 नंबरच्या चाळिशीचं नाभीय अंतर अर्धा मीटर.

घरात चष्मे अदलाबदल होतात. कुठला वजा, कुठला अधिक, हे दुकानात न जाता ओळखता येतं. चष्मा पेपरवर हातभर उंच धर आणि डावी-उजवीकडं हलव. अक्षरं चष्म्याच्या दिशेनंच सरकली तर वजा, उलट सरकली तर अधिक. आता चष्मा समोरच्या खांबापुढं धरून गोल फिरव. खांब मोडल्यासारखा तिरका झाला तर त्यात सिलिंड्रिकल नंबर आहे. अशा चष्म्याची दांडी वाकली की भिंगाचा कोन बदलतो आणि डोकं दुखतं. नंबर वाढला असं समजून नवा चष्मा करायच्या आधी दांडी सरळ करून बघ. बाजारातला तयार चष्मा दोन्ही डोळ्यांना एकच नंबर देतो, आणि बहुतेकांचे दोन डोळे सारखे नसतात. आणि तुझ्या आजीला सांग, विहिरीच्या पायऱ्या उतरताना जवळचा चष्मा उतरवून ठेव. त्यातून पायरी जवळ भासते आणि पाऊल चुकतं.

तुझ्या बाबांना साखरेचा त्रास आहे, म्हणून हे खास. रक्तातली साखर वर-खाली झाली की डोळ्यातल्या भिंगात पाणी कमी-जास्त होतं आणि त्याची उजेड वळवण्याची ताकद बदलते. अशा वेळी काढलेला नंबर काही आठवड्यांत चुकीचा ठरतो, चष्म्याचे पैसे वाया. त्यांचा नंबर अचानक बदलला तर आधी साखर तपास, ती औषधानं स्थिर होऊ दे, मग नंबर काढ. आणि डोळ्याचा मागचा पडदा मात्र दरवर्षी दाखवायचाच, नंबर ठीक असला तरी.

आजीच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. म्हणजे भिंगच गढुळलंय, नंबर बदलून उपयोग नाही. पूर्वी भिंग काढून टाकत आणि 10-10 नंबरची जाड काच डोळ्यावर देत. सगळं जवळपास पाव पटीनं मोठं दिसायचं, म्हातारी माणसं ग्लास धरायला जाऊन हवेत हात मारायची. 1949 साली लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या खिडकीच्या ॲक्रिलिकचे कण राहिले तरी डोळा बिघडत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. आज ते भिंग खेड्यापाड्यातल्या माणसाला मिळतं. आपल्या लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने याच शस्त्रक्रियांसाठी ओळखले जातात, 2008 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा आजी ‘पिकू दे’ म्हणते ते ऐकू नकोस. मोतीबिंदू पिकायची वाट बघण्याचे दिवस गेले, फार पिकला की ऑपरेशन अवघड होतं.

ऑपरेशनच्या आधी भिंगाचा नंबर मोजतात, डोळ्याची लांबी आणि पारपटलाचा गोलावा यावरून. त्या वेळी आजीला लांबचं स्पष्ट हवं की जवळचं, हे डॉक्टरांना आपण सांगायचं. साधं भिंग एकाच अंतराला स्पष्ट दाखवतं. लांबचं घेतलं तर पोथी वाचायला चष्मा लागणारच, नंतर ‘ऑपरेशन बिघडलं’ म्हणून घरात वाद नकोत. आणि बसवलेल्या भिंगाचं कार्ड देतात, त्यावर त्याची ताकद लिहिलेली असते. ते आधार कार्डाच्या पाकिटात ठेव. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी डॉक्टर तेच आधी मागतील.